रोबोटिक हाताचा मेंदू, घरच्या घरी

रोबोटिक हात तीन गोष्टींनी बनतो: सांगाडा, तो हलवणाऱ्या मोटरी आणि कोणती मोटर कधी, कुठवर, किती वेगाने फिरवायची हे ठरवणारा कंट्रोलर. छंद म्हणून बांधल्या जाणाऱ्या हातांत सांगाडा बहुधा ॲक्रिलिकच्या किंवा प्लायवुडच्या पट्ट्यांचा असतो आणि जुळणीचा संच म्हणून तयार मिळतो. मोटरीही विकत मिळतात. कंट्रोलर मात्र स्वतः बांधावा. वीज, मोजमाप, गणित आणि यंत्रशास्त्र या चारही गोष्टी तिथे एकत्र येतात आणि शाळेत सुट्या सुट्या शिकलेल्या या विषयांचा एकमेकांशी काय संबंध आहे, ते तिथे कळते.

हिंगोलीसारख्या जिल्ह्यात हे काम करायला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. एक टेबल, एक सोल्डरिंग आयर्न, एक मल्टिमीटर, जुना का होईना पण चालता संगणक आणि कुरिअरने येणारे काही सुटे भाग एवढ्यावर ते होते.

हाताची रचना

सर्वसाधारण छोट्या हाताला पाच सांधे असतात. बूड डावी-उजवीकडे फिरते. त्यावर खांदा, मग कोपर, मग मनगट आणि शेवटी वस्तू पकडणारा चिमटा. कारखान्यातले हात याच तत्त्वावर चालतात. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या कारखान्यात १९६१ साली ‘युनिमेट’ हा पहिला औद्योगिक रोबोट कामाला लागला. आज चाकणच्या वाहन कारखान्यांत वेल्डिंग करणारे हात त्याच कुळातले आहेत. आकार, ताकद आणि अचूकता यांत फरक आहे, सांध्यांचा विचार तोच आहे.

घरगुती कंट्रोलरसाठी जवळचा आदर्श मात्र कारखान्यात नाही, अणुप्रयोगशाळेत आहे. किरणोत्सारी पदार्थ माणसाला हाताळता येत नाहीत. म्हणून अमेरिकेतल्या आर्गॉन प्रयोगशाळेत रेमंड गोर्ट्झ यांनी १९४०च्या दशकाच्या अखेरीस एक जोड-यंत्र तयार केले. जाड भिंतीच्या अलीकडे माणूस एक हात हलवतो आणि पलीकडचा यांत्रिक हात त्याची हुबेहूब नक्कल करतो. यालाच मास्टर-स्लेव्ह मॅनिप्युलेटर म्हणतात. मुंबईत ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात किरणोत्सारी पदार्थांच्या बंद कक्षांमध्ये अशीच यंत्रे वापरली जातात आणि केंद्राने ती स्वतः विकसितही केली आहेत. नवशिक्याने बांधायला हीच पद्धत उत्तम. एक छोटा ‘मालक’ हात बोटांनी हलवायचा, मोठ्या हाताने त्याच्यामागे जायचे.

सर्व्होच्या आत

छोट्या हातांत सर्व्हो मोटर वापरतात. सगळ्यांत स्वस्त आणि सर्वत्र दिसणारी निळी एसजी९० ही फक्त ९ ग्रॅमची असते. तिच्या तळाचे बारीक स्क्रू काढून डबी उघडली, की चार गोष्टी दिसतात. एक चिमुकली डीसी मोटर, तिचा वेग कमी करून ताकद वाढवणारी प्लॅस्टिकच्या दातेरी चाकांची रांग, बाहेर येणाऱ्या दांड्याला खालून जोडलेला पोटेंशिओमीटर आणि नखाएवढी एक सर्किट पट्टी.

पोटेंशिओमीटर म्हणजे फिरवल्यावर रोध बदलणारा भाग. जुन्या रेडिओच्या आवाजाच्या बटणामागे हाच असे. त्याच्या दोन टोकांना वीजदाब दिला, की मधल्या पायावर येणारा दाब दांडा कुठे आहे ते सांगतो. सर्व्होमधली पट्टी सतत दोन गोष्टींची तुलना करते: दांडा कुठे असायला हवा आणि प्रत्यक्षात कुठे आहे. फरक असेल तर ती मोटर त्या दिशेला फिरवते, फरक संपला की थांबवते. कोणी बोटाने दांडा ढकलला तर मोटर लगेच विरोध करते, कारण फरक पुन्हा निर्माण झालेला असतो. मोजणे, तुलना करणे, दुरुस्त करणे या चक्राला फीडबॅक म्हणतात. संपूर्ण नियंत्रणशास्त्र याच तीन क्रियांवर उभे आहे.

‘दांडा कुठे असायला हवा’ हे सर्व्होला बाहेरून सांगितले जाते. तिला तीन वायर असतात: धन, ऋण आणि सिग्नल. सिग्नलच्या वायरवर दर २० मिलिसेकंदांनी, म्हणजे सेकंदाला ५० वेळा, एक स्पंद पाठवायचा. स्पंदाची रुंदी हाच निरोप. दीड मिलिसेकंदाचा स्पंद म्हणजे मध्यावर ये. १ मिलिसेकंद म्हणजे एका बाजूला सुमारे ४५ अंश, २ मिलिसेकंद म्हणजे दुसऱ्या बाजूला तेवढेच. बहुतेक सर्व्हो याहून थोडे अलीकडे-पलीकडे जातात, पण प्रत्येक नगाची मर्यादा वेगळी असते. ती मोजूनच ठरवावी लागते. मर्यादेपलीकडचा स्पंद दिला, तर आतले चाक अडणीला टेकून घरघरत राहते, मोटर तापते आणि दाते तुटतात.

कोणत्या सांध्याला कोणती मोटर

सांगाडा विकत घेतला तरी हा हिशेब करावाच लागतो. समजा, खांदा ते कोपर १२ सेंटिमीटर आणि कोपर ते चिमटा १२ सेंटिमीटर आहे. हात आडवा सरळ धरला आणि चिमट्यात १०० ग्रॅमची वस्तू असली, तर खांद्यावर येणारा भार ०.१ गुणिले २४, म्हणजे २.४ किलो-सेंटिमीटर होतो. कोपराची मोटर ५५ ग्रॅमची असेल तर तिचे १२ सेंटिमीटरवर ०.६६. पट्ट्यांचे वजन ८० ग्रॅम धरले आणि ते मध्यावर आहे असे मानले, तर सुमारे ०.९६. मनगटाच्या आणि चिमट्याच्या दोन छोट्या मोटरींचे आणखी ०.४. बेरीज जवळपास साडेचार किलो-सेंटिमीटर होते.

एसजी९० जास्तीत जास्त सुमारे १.८ किलो-सेंटिमीटर जोर लावते. ती खांद्याला टिकणार नाही. धातूच्या चाकांची एमजी९९६आर ही मोटर ४.८ व्होल्टवर सुमारे ९.४ किलो-सेंटिमीटर जोर देते. गरजेच्या दुप्पट ताकद असणे हा चांगला नियम आहे, कारण छापलेला आकडा मोटर अडून थांबण्याच्या क्षणाचा असतो, सुखाने काम करण्याचा नसतो. म्हणून बूड, खांदा आणि कोपर यांना मोठी मोटर, मनगट आणि चिमट्याला छोटी, अशी वाटणी योग्य ठरते.

मेंदू कोणता

स्पंद तयार करण्यासाठी मायक्रोकंट्रोलर लागतो. २००५ साली इटलीतल्या इव्रेया गावी डिझाइनच्या विद्यार्थ्यांनाही वापरता यावा म्हणून जन्मलेला आर्दुइनो आजही नवशिक्यासाठी सर्वांत सोयीचा आहे. त्याची रचना खुली असल्याने अनेक उत्पादक त्याच्या प्रती बनवतात आणि त्या स्वस्त मिळतात. आर्दुइनो उनो या बोर्डावर एटमेगा३२८पी ही चिप असते. तिचा वेग १६ मेगाहर्ट्झ, प्रोग्रामसाठी जागा ३२ किलोबाइट आणि काम चालू असताना वापरायची स्मृती फक्त २ किलोबाइट. मोबाइलच्या तुलनेत हे काहीच नाही, पण पाच मोटरी चालवायला पुरेसे आहे.

उनोला सहा ॲनालॉग पाय आहेत. त्यावर येणारा ० ते ५ व्होल्टचा दाब तो ० ते १०२३ या आकड्यांत वाचतो. मालक हाताच्या प्रत्येक सांध्यात एक पोटेंशिओमीटर बसवला, की पाच पाय वापरले जातात. सर्व्होच्या सिग्नल वायरी सरळ डिजिटल पायांना जोडता येतात. आर्दुइनोच्या सॉफ्टवेअरसोबत येणारी सर्व्हो लायब्ररी उनोवर १२ मोटरींपर्यंत स्पंद सांभाळते.

इथे एक खाचखळगा आहे. अनेक जण सर्व्होंसाठी पीसीए९६८५ ही १६ वाहिन्यांची वेगळी पट्टी घेतात. ती आयटूसी नावाच्या दोन वायरींच्या जोडणीवर चालते आणि उनोवर ती जोडणी ए४ आणि ए५ या ॲनालॉग पायांवरच असते. म्हणजे पोटेंशिओमीटरसाठी चारच पाय उरतात आणि पाचवा सांधा अडतो. पहिल्या बांधणीत ही पट्टी न घेतलेलीच बरी. पुढे वाढवायचे असेल तर १६ ॲनालॉग पाय असलेला आर्दुइनो मेगा घ्यावा.

पोटेंशिओमीटर घेताना १० किलोओहमचा आणि सरळ प्रमाणात बदलणारा घ्यावा. त्यावर ‘बी१०के’ असे छापलेले असते. ‘ए’ अक्षराचा प्रकार आवाज नियंत्रणासाठी असतो. त्यात रोध एकसारखा वाढत नाही आणि हात एका टोकाला सुस्त, दुसऱ्या टोकाला बेभान वागतो. मालक हाताचा सांगाडा आइस्क्रीमच्या काड्या किंवा जाड पुठ्ठा यांचाही चालतो. सांध्यांची लांबी खऱ्या हाताच्या प्रमाणात ठेवली, म्हणजे निम्मी किंवा तृतीयांश, तर चालवणाऱ्याला हात आपोआप कळतो.

विजेचा पुरवठा

घरी बांधलेल्या हातांचे बहुतेक आजार विजेच्या पुरवठ्यातून येतात. संगणकाच्या यूएसबीतून उनोला सुमारे अर्धा अँपिअर मिळतो. एमजी९९६आर अडली की एकटीच अडीच अँपिअरपर्यंत ओढू शकते. एसजी९०सुद्धा पाऊण अँपिअरच्या जवळ जाते. तीन मोठ्या आणि दोन छोट्या मोटरी एकाच वेळी अडल्या, तर बेरीज सुमारे ९ अँपिअर होते. असे सहसा घडत नाही. तरी सर्व्होंना उनोच्या ५ व्होल्टच्या पायातून वीज देऊ नये. दिली तर काय होते ते ओळखीचे आहे: हात उचलायला जाताच बोर्डाचा दिवा मिचकतो, दाब कोसळतो, प्रोग्राम पहिल्यापासून सुरू होतो, हात पुन्हा झटका देतो आणि हे चक्र चालूच राहते. पुष्कळ नवशिके प्रोग्राममध्ये चूक शोधत बसतात. खरे तर चूक वायरीत असते.

उपाय सोपा आहे. मोटरींसाठी ५ व्होल्ट, १० अँपिअरचा स्वतंत्र एसएमपीएस वीजपुरवठा घ्यावा. एलईडी पट्ट्यांसाठी तो विकला जातो. उनोला वीज यूएसबीतूनच द्यावी. मात्र दोन्ही पुरवठ्यांच्या ऋण वायरी एकत्र जोडल्याच पाहिजेत. स्पंद हा दाबातला फरक असतो आणि फरक मोजायला दोघांची जमीन एक हवी. ही एक वायर राहिली, तर सर्व्हो वेड्यासारख्या थरथरतात.

मोटरींच्या पुरवठ्यावर, त्यांच्या अगदी जवळ, १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावावा. गावातली पाण्याची टाकी नळाच्या एकदम आलेल्या मागणीला पुरते आणि मग सावकाश भरते, तसे तो क्षणभराची मोठी मागणी आपल्यातून भागवतो. कपॅसिटरच्या पट्ट्याकडचा पाय ऋण असतो. तो उलटा जोडला तर कपॅसिटर फुटतो.

मराठवाड्यात वीज जाणे-येणे नेहमीचे आहे. शेतकरी कुटुंबात त्यावर उपाय बहुधा घरातच असतो. बॅटरीवर चालणाऱ्या फवारणी पंपात साधारणतः १२ व्होल्ट, ८ अँपिअर-तासांची बॅटरी असते. फवारणीचा हंगाम नसताना ती वापरता येते. तिच्यापुढे ५ अँपिअर देणारा बक कन्व्हर्टर लावून दाब ५ व्होल्टवर आणायचा. कन्व्हर्टरचा स्क्रू फिरवून, मल्टिमीटरवर ५ व्होल्ट दिसल्यावरच मोटरी जोडायच्या. बॅटरी अर्ध्यापेक्षा जास्त रिकामी केली नाही, तर असा हात मध्यम कामावर काही तास सहज चालतो. बॅटरीच्या धन टोकाशेजारी ५ अँपिअरचा फ्यूज हवाच. अशा बॅटरीच्या दोन वायरी एकमेकींना टेकल्या, तर क्षणात वायर लाल होते.

प्रोग्राम

कंट्रोलरचा प्रोग्राम एकच फेरी पुन्हा पुन्हा मारतो. पोटेंशिओमीटर वाचा, आकडा स्वच्छ करा, त्याचा कोन बनवा, मर्यादा तपासा, वेग आवरा, स्पंद पाठवा. सेकंदाला ५० फेऱ्या पुरतात, कारण सर्व्हो त्याहून लवकर नवा निरोप ऐकतच नाही.

आकडा स्वच्छ करण्याची गरज लगेच जाणवते. पोटेंशिओमीटर हातात न धरता टेबलावर ठेवला तरी वाचन ५१०, ५१३, ५११ असे हेलकावत राहते. ते सरळ मोटरला दिले तर हात कापतो. म्हणून नव्या वाचनाला थोडाच मान द्यायचा: जुन्या आकड्याचे ८० टक्के आणि नव्याचे २० टक्के मिळून पुढचा आकडा. शिवाय तीनपेक्षा कमी फरक पडला तर दुर्लक्ष करायचे. एवढ्याने कंप जवळपास थांबतो. नव्याचा वाटा फार कमी केला, तर हात आज्ञेमागे रेंगाळतो. शांतपणा आणि तत्परता यांतला हा तोल प्रत्येक नियंत्रण यंत्रणेत साधावा लागतो आणि तो हातानेच करून पाहून समजतो.

मग मर्यादा. प्रत्येक सांध्याचा किमान आणि कमाल कोन आधी मोजून प्रोग्राममध्ये पक्का लिहायचा. मालक हात कितीही वाकवला, तरी खरा हात त्यापलीकडे जाणार नाही. शेवटी वेग. एसजी९० सेकंदाच्या दहाव्या भागात ६० अंश फिरू शकते. एवढ्या वेगात हात फिरला, तर टेबलावरचे सगळे उडवतो. म्हणून एका फेरीत दोन अंशांपेक्षा जास्त बदल होऊ द्यायचा नाही. ५० फेऱ्यांत १०० अंश, म्हणजे सेकंदाला १०० अंश, हा वेग डोळ्यांना सुखावणारा आणि यंत्राला सोसणारा आहे.

सुरुवातीचा क्षण सर्वांत धोक्याचा. वीज सुरू होताना बोर्डाला खरा हात कुठे आहे हे माहीत नसते. पहिलाच स्पंद गेला की सर्व्हो पूर्ण वेगाने तिथे धावते. म्हणून हात बंद करण्यापूर्वी तो ठरलेल्या विश्रांतीच्या स्थितीत आणावा, प्रोग्रामनेही तिथूनच सुरुवात करावी आणि मग मालक हाताच्या स्थितीकडे हळूहळू जावे. शिवाय मोटरींचा पुरवठा तोडणारे एक मोठे लाल बटण हाताच्या अंतरावर असावे. ते मोटरींची वीज तोडणारे असावे, बोर्डाची नव्हे.

शिकवणे आणि पुन्हा करवून घेणे

एक पुश बटण जोडले की कंट्रोलर आणखी उपयोगी होतो. बटण दाबताच त्या क्षणाचे पाच कोन साठवायचे. उनोच्या चिपमध्ये वीज गेली तरी न पुसली जाणारी १०२४ बाइटची ईईप्रॉम स्मृती असते. एका कोनाला एक बाइट धरला, तर पाच बाइटमध्ये एक स्थिती बसते, म्हणजे सुमारे २०० स्थिती साठवता येतात. वस्तू उचल, फिर, ठेव, परत ये, एवढ्या कामाला १० स्थिती पुरतात. दुसरे बटण दाबले की हात त्या स्थिती क्रमाने पुन्हा करतो. कारखान्यातल्या कामगारालाही रोबोट बऱ्याचदा असाच शिकवावा लागतो.

पुढची पायरी गणिताची. हाताला कोन न सांगता जागा सांगायची: खांद्यापासून २० सेंटिमीटरवर जा. बारावीच्या गणितातला कोज्या नियम इथे कामी येतो. दोन्ही पट्ट्या १२ सेंटिमीटरच्या आहेत, तिसरी बाजू २०. कोपरातल्या कोनाची कोज्या १४४ अधिक १४४ वजा ४००, भागिले २८८, म्हणजे उणे ०.३९ येते. कोन सुमारे ११३ अंश. त्रिकोण समद्विभुज असल्याने खांद्याने पट्टी त्या रेषेच्या वर सुमारे साडेतेहेतीस अंश उचलायची. अंतर १२ असते तर त्रिकोण समभुज झाला असता आणि कोपर ६० अंशांवर आले असते. अंतर २४ पेक्षा जास्त असेल, तर त्रिकोणच बनत नाही. प्रोग्रामने तेव्हा नकार दिला पाहिजे. वहीत सोडवलेला त्रिकोण टेबलावर हलताना दिसला, की कोज्या नियम पुन्हा विसरला जात नाही.

आंधळा कंट्रोलर आणि डोळस कंट्रोलर

इथवर बांधलेल्या कंट्रोलरमध्ये एक मोठी उणीव आहे. तो आज्ञा देतो, पण ती पाळली गेली का, हे विचारत नाही. फीडबॅकचे चक्र सर्व्होच्या डबीतच बंद आहे. चिमटा वस्तूवर अडला, पट्टी निसटली, एखादे चाक झिजले, तरी बोर्डाच्या लेखी सगळे आलबेल असते.

ही उणीव एका वायरीने भरून निघते. सर्व्होची डबी उघडून पोटेंशिओमीटरच्या मधल्या पायाला एक बारीक वायर सोल्डर करायची, तिच्यासाठी डबीच्या कडेला कानशीने छोटी खाच करायची आणि ती बाहेर काढून मेगा बोर्डाच्या ॲनालॉग पायाला जोडायची. सोल्डरिंग आयर्न पायावर दोन सेकंदांपेक्षा जास्त ठेवू नये, आतला प्लॅस्टिकचा भाग वितळतो. मग हात दहा-दहा अंशांनी फिरवून प्रत्येक ठिकाणचे वाचन वहीत लिहायचे. सर्व्होच्या आत दाब बहुधा ५ व्होल्टपेक्षा कमी असतो, त्यामुळे आकडे १०२३ पर्यंत पोचत नाहीत. म्हणूनच ही नोंद लागते.

आता बोर्डाकडे दोन आकडे आहेत, सांगितलेला कोन आणि मिळालेला कोन. दोहोंत पाच अंशांहून जास्त फरक अर्धा सेकंद टिकला, तर हात अडला आहे असे समजून आज्ञा मागे घ्यायची. चिमट्यासाठी हाच फरक म्हणजे ‘वस्तू हाती आली’ ही खूण. सुरू होताना हात कुठे आहे हेही बोर्डाला आता कळते आणि पहिला झटका टळतो. मोजले नाही तर नियंत्रण नाही, हा या साऱ्या उद्योगाचा गाभा आहे.

हिंगोलीतला मोठा कंट्रोलर

हाच गाभा हिंगोली जिल्ह्यात फार मोठ्या प्रमाणावर साकार होणार आहे. औंढा नागनाथ तालुक्यात दुधाळा गावाजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहत आहे. अमेरिकेतल्या लायगोच्या दोन वेधशाळांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी गुरुत्वीय लहर पहिल्यांदा टिपली. तिची घोषणा फेब्रुवारी २०१६ मध्ये झाली आणि त्याच महिन्यात केंद्रीय मंत्रिमंडळाने भारतातल्या वेधशाळेला तत्त्वतः मान्यता दिली. एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २६०० कोटी रुपयांच्या खर्चाला मंजुरी मिळाली. पुण्याची खगोलशास्त्र संस्था आयुका, इंदूरचे राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र आणि गांधीनगरजवळची प्लाझ्मा संशोधन संस्था यांचा त्यात सहभाग आहे.

अशा वेधशाळेला काटकोनात पसरलेल्या ४-४ किलोमीटरच्या दोन निर्वात भुजा असतात. टोकांना सुमारे ४० किलोंचे आरसे काचेच्या तंतूंनी टांगलेले असतात आणि त्यांमधून लेसर ये-जा करतो. भुजांच्या लांबीतला, प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहूनही लहान फरक टिपायचा असल्याने आरसे विलक्षण स्थिर ठेवावे लागतात. जमीन हलते, वारा वाहतो, रस्त्यावरून ट्रक जातो. त्यामुळे आरशांची जागा अखंड मोजली जाते, हव्या जागेशी ताडून पाहिली जाते आणि सूक्ष्म बल लावून दुरुस्त केली जाते. हे चक्र सेकंदाला हजारो वेळा फिरते. मोजणे, तुलना करणे, दुरुस्त करणे या तीन क्रिया नऊ ग्रॅमच्या सर्व्होत आणि ४० किलोंच्या आरशात सारख्याच आहेत. कंप गाळताना तत्परता किती गमवायची, हा प्रश्नही दोन्हीकडे तोच आहे.

शिकायचे कुठे

नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनने २०१६ पासून सहावी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी शाळांमध्ये अटल टिंकरिंग लॅब सुरू केल्या. देशभरात त्यांची संख्या १० हजारांपलीकडे गेली आहे. अशा लॅबमध्ये आर्दुइनो, सर्व्हो, सेन्सर आणि बहुधा थ्रीडी प्रिंटरही असतो. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी मुंबईच्या आयआयटीचा ई-यंत्र प्रकल्प रोबोटिक्सची स्पर्धा घेतो. पुणे जिल्ह्यातल्या पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. हाताने काम करत विज्ञान शिकता येते, हे त्यांनी दाखवले. अमेरिकेतल्या एमआयटीबाहेरची पहिली फॅब लॅब २००२ साली तिथेच उभी राहिली, एका खेड्यात.

सुटे भाग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आणि पुण्याच्या बुधवार पेठेत हाती घेऊन, पारखून घेता येतात. गावात राहणाऱ्याला ते ऑनलाइन मागवता येतात. एकदम सगळे मागवू नये. एक उनो, एक एसजी९०, एक बी१०के पोटेंशिओमीटर आणि काही जंपर वायरी एवढेच आधी घ्यावे. एक सांधा नीट, न कापता, मर्यादेत आणि सावकाश चालला की उरलेले चार सांधे ही पुनरावृत्ती आहे. ज्या शाळेत असा संच कपाटात बंद आहे, तिथल्या शिक्षकांनी तो बाहेर काढून मुलांच्या हाती द्यावा. दुधाळ्याच्या वेधशाळेला पुढची अनेक दशके तंत्रज्ञ, अभियंते आणि संशोधक लागणार आहेत. ते याच जिल्ह्यातल्या मुलामुलींमधूनही यायला हवेत.